डाव्या डोळ्याची खालची कड

आमच्या माहेरी सगळ्यांच्याच कानात कंपनी वाजते. पप्पा भोसरीला प्रेस शॉपमध्ये होते, काका त्याच गल्लीतल्या दुसऱ्या शेडमध्ये. दिवसभर पत्र्यावर पंच पडायचा आणि घरी आल्यावरही तो कानातून उतरायचा नाही. टीव्ही मोठा, बोलणं ओरडून. संध्याकाळी चहा पिता पिता पप्पा मधेच मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "वाजायलीय बघ." त्यात तक्रार नसायची. लातूरकडून आलेल्या माणसाला या गावानं जे काही दिलं, त्यातलंच ते एक.

म्हणून माझ्या कानात पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी घाबरले नाही. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. ब्रेकचे भाग तपासायचे, मोजायचे, नापास असेल तो लाल ट्रेमध्ये टाकायचा. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि माझी सही झाल्याशिवाय खोका गेटबाहेर जात नाही, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. त्या दिवशी देखभालीसाठी कॉम्प्रेसर बंद केला होता. एरवी त्याच्या घरघरीखाली दबलेले आवाज वर आले. कुणाची चप्पल, कुणाचं खोकणं. आणि माझ्या उजव्या कानात हवा सुटत होती. हुश्श, थांबा, हुश्श, थांबा. मी वर पाहिलं, एखाद्या पाइपातून गळती असेल म्हणून. मग मनगटावर बोट ठेवलं. नाडी आणि आवाज एकाच तालात चालले होते.

पप्पांना फोन केला तर ते खूश.

"आता खरी कामगार झालीस की गं! नुसती बीएस्सी करून काय होत नसतंय."

"पप्पा, तुमच्यासारखी शिट्टी नाही वाजत. नाडीबरोबर वाजतंय."

"माझी शिट्टी, तुझा भाता. कंपनी वेगळी, आवाज वेगळा."

दोघंही हसलो. आमच्या घरात हा आजार नव्हताच, नोकरीचा पुरावा होता. त्यामुळे पुढचे कित्येक आठवडे मी तो भाता डोक्यात घेऊन हिंडले आणि कुणालाही वेगळं काही वाटलं नाही.

लग्नाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. सासर चाकणजवळच्या गावात. अर्धी जमीन कंपन्यांकडे गेलेली, उरलेल्या अर्ध्यात कांदा-बटाटा, दारात म्हशी. नवरा दुसऱ्या कंपनीत असेंब्लीला, आमच्या शिफ्टा जुळल्या तर जुळल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी मला वर्षभर जीव लावून खाऊ घातलं. भाकरीवर लोणी, शिफ्टवरून आलं की दूध, डब्यात वर एक गूळपोळी. माझं वजन भराभर वाढलं, ब्लाउजच्या शिवणी उसवून मोकळ्या कराव्या लागल्या, आणि गिरणीत दळण टाकायला गेलं की बायका म्हणायच्या, "पोरीला सासरचं पाणी मानवलं." त्यावर आत्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू त्यांना कुणी बक्षीस दिलं. सुनेचं अंग धरणं हे आमच्या गावात सासूचं प्रमाणपत्र असतं. माझं विद्यापीठाचं भिंतीवर, त्यांचं माझ्या अंगावर.

मग लग्नसराई आली.

आमच्याकडे नव्या सुनेनं कार्यात दिसेल त्या मोठ्या माणसाच्या पाया पडायचं असतं. हे कोण, ते कोण, विचारायचं नाही. डोक्यावरचा पदर धरायचा, वाकायचं, उठायचं, पुढच्या पायांकडे जायचं. भावकीतल्या एका मांडवात मी अशी ओळीनं वाकत चालले होते. तिसऱ्या की चौथ्या बाईच्या पायांवरून उठले आणि माणसं गेली. डोळ्यांपुढे राखाडी, राख पाण्यात कालवावी तसं. आवाज सगळे चालू. बँड, पोरं, कुणीतरी "अगं ताटं वाढा" म्हणत होतं. फक्त आवाज करणारी माणसं नव्हती. चार-दोन श्वासांत ती एकेक करून परत आली, आधी कडांनी, मग चेहऱ्यांनी. मी पुढे सरकले, पुन्हा वाकले. पुन्हा गेली.

चुलत सासूनं ते पाहिलं. म्हणाल्या, "अगं, हिची नजर बघ. कुटं लागलीया बघ. हिच्यात वारं हाय."

"न्हाई गं, उन्हानं झालं आसंल," आत्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पातळ झाला होता.

मी म्हटलं, "वारंबिरं काही नाही. रक्त कमी असेल." विज्ञानाची पदवी होती, बोलणं भागच होतं. तरी दुसऱ्या दिवशी देवीपुढे नारळ फुटला, आणि मी मुकाट्यानं उभी राहिले. कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मांडवात माणसं नाहीशी झाली तेव्हा कानातला भाता नेहमीपेक्षा जवळून वाजत होता. कुणीतरी माझ्या मानेशी तोंड आणून श्वास घेत असल्यासारखा. देवळातल्या शांततेत तो आणखी मोठा झाला. मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ती वळून पाहायची सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

त्यानंतर डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या कवटी आतून भरल्यासारखी वाटायची, खोकलं की ठणका, कधी उलटी. नव्या सुनेला उलटी झाली की घरात एकच अर्थ निघतो. आत्यांनी लगेच मला शेणघमेलं उचलू देणं बंद केलं. नवरा मेडिकलमधून तपासणीची पट्टी घेऊन आला. एकच रेघ आली. मग उरला दुसरा अर्थ, पित्त. आमच्याकडे डोकं दुखलं आणि उलटी झाली की ते पित्तच, त्याला डॉक्टर लागत नाही. कोकम झालं, आल्याचा रस झाला, कंपनीच्या दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या.

"उलटी झाल्यावर बरं वाटतं ना?" आत्या विचारायच्या.

"जरा वाटतं."

"मंग पित्तच की ते!"

एका सकाळी कंपनीच्या बसमधून तळेगाव रस्त्याकडे बघत होते. समोरून ट्रक आला, आणि त्याच्या शेजारून दुसरा, हुबेहूब तसाच, तीच रंगवलेली पाटी, तेच लिंबू-मिरची. दोन्ही एकमेकांत शिरत होते आणि धडकत नव्हते. मी दचकून सीटची दांडी धरली. मग तपासणीची सवय कामाला आली. उजवा डोळा झाकला, एक ट्रक. डावा झाकला, एक ट्रक. दोन्ही उघडे, दोन. म्हटलं, नंबर लागला असणार. सुट्टीच्या दिवशी आकुर्डीला डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. वेळ जमत होती म्हणून नवराही आला.

तक्त्यावरची शेवटची ओळ मी खडाखडा वाचली. मॅडम म्हणाल्या, नजर छान आहे. मग थेंब घातले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाहेर बसवलं, आत बोलावलं आणि भिंगातून डोळ्यात पाहिलं. पाहतच राहिल्या. दुसरा डोळा. परत पहिला.

"डोकं दुखतं?"

"पित्त आहे मॅडम."

"सकाळी जास्त? आडवं झाल्यावर?"

"हो."

"वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते? थोडा वेळ?"

मी मान हलवली.

"आणि कानात नाडीसारखा आवाज येतो?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आवाजाचं माहीतच नव्हतं. इतके दिवस जे फक्त माझ्या डोक्याच्या आत होतं, ते या अनोळखी बाईनं एकेक करून बाहेर काढून टेबलावर ठेवलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटली ती भीती. वारं असतं तर नारळानं भागलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "डोळ्यात बिघाड नाही. मेंदूकडून डोळ्याकडे जी नस येते, ती दोन्ही बाजूंना सुजलीय. दाब आतून येतोय, डोक्यातून. आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलला जा. उद्या नको."

पिंपरीच्या हॉस्पिटलात पहिलं काम मेंदूचं स्कॅनिंग. बाहेरच्या बाकावर माझे पप्पा आणि माझे सासरे शेजारी शेजारी बसले होते, दोघंही ऐकायला कमी, एकमेकांशी ओरडून हळू बोलत होते. "गाठ" हा शब्द अख्ख्या मजल्याला ऐकू जात होता. गाठ नव्हती. शिरेत रक्ताची गुठळीही नव्हती. मग मला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं, पाठीच्या कण्यात सुई घातली आणि तिला उभी नळी जोडली. मला भिंत दिसत होती, नळी नाही. नवरा दारातून बघत होता. नंतर त्यानं सांगितलं, पाणी नळीत चढतच गेलं. स्वच्छ पाणी, बिसलेरीसारखं. "मला वाटलं, वरून बाहेर येतंय आता," तो म्हणाला. थोडं पाणी काढून घेतल्यावर मी तशीच पडून होते, आणि अचानक कानातला भाता थांबला. इतक्या दिवसांनी इतकी शांतता. मला रडू आलं, आणि ते थांबेना.

मेंदूच्या डॉक्टरांनी मला समजावलं, ते मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. कवटी म्हणजे हाडाची बंद डबी. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. पाणी सतत नवं तयार होतं, जुनं रक्तात शोषलं जातं. शोषणं कमी पडलं की दाब वाढतो, कारण डबी फुगत नाही.

मी विचारलं, "मग रिलीफ व्हॉल्व्ह कुठं असतो?"

ते हसले. "तो बसवायचा राहिला. म्हणून तर सगळं डोळ्यांच्या नसेवर जातं."

असं का झालं, याचं पूर्ण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि नाही हे त्यांनी सरळ सांगितलं. तरुण बायकांना होतं, त्यातही वजन भराभर वाढलेल्यांना जास्त. पाणी कमी तयार व्हावं म्हणून गोळ्या. मीठ कमी. वजन खाली आणायचं, तेच खरं औषध. डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही, कारण यात नजर कडेकडून जाते, गुपचूप, तक्त्यावरची अक्षरं शेवटपर्यंत दिसत राहतात. गोळ्यांनी आवरलं नाही तर ऑपरेशन करून पाण्याला नळीनं वाट काढून द्यावी लागते. त्यांनी शेवटी जे सांगितलं ते मी विसरलेले नाही: "जीवाला धोका नाही म्हणून घरचे हे हलक्यात घेतात. नजर गेली की परत आणता येत नाही."

घरचे हलक्यातच घेऊन बसले होते. गाठ नाही म्हटल्यावर गावात पेढे वाटून झाले होते. "गाठ न्हाई ना, मंग काय न्हाई," सासरे सगळ्यांना सांगत होते. आणि मी जेवायला बसले तेव्हा पानात नेहमीसारखीच लोण्याची भाकरी होती.

"आत्या, डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय."

"आजारी माणसाला उपाशी ठेवा म्हंतो, त्यो कसला डाक्टर?"

"उपाशी नाही. कमी. लोणी नको, मीठ नको."

"आळणी खाऊन कुणी बरं झालंय का? आन् तुझं वजन काय जास्त हाय? चांगलं भरल्यालं अंग हाय."

मी अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवायचे, त्या पुन्हा पानात सारायच्या. वरचं लोणी मी काढलं, तर त्यांनी भाजीत घातलं. गोळ्यांनी बोटांना मुंग्या यायच्या, कॅन्टीनमधलं कोल्ड्रिंक तोंडात लोखंडासारखं लागायचं, दर तासाला बाथरूम. त्यात घरी हे. मी तोंडाची फटकळ आहेच. एकदा ताट सरकवून म्हटलं, "तुम्हाला सून हवी की गावाला दाखवायला म्हैस?" नवरा "अगं, अगं" करत राहिला. आत्या ताट उचलून गोठ्याकडे गेल्या.

वजन उतरायला लागलं. डब्यात काकडी, चपाती एक, सुट्टीला इंद्रायणीच्या कडेनं आळंदीच्या बाजूला लांब चालणं. ट्रक पुन्हा एक झाला. डोकं हलकं झालं. पण यंत्रावर नजरेची तपासणी झाली तेव्हा आकुर्डीच्या मॅडमनी सांगितलं: डाव्या डोळ्याची खालची कड, नाकाच्या बाजूची, गेलेली आहे. ती येणार नाही. पुढची वाचवायची.

मला ते पटेना. मला सगळं दिसत होतं. लाल ट्रे, हिरवा ट्रे, भागावरची केसाएवढी चीर. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही डोळे उघडे असले की उजवा भरून काढतो. म्हणूनच कळत नाही."

त्याच दिवसांत गिरणीवर चुलत सासू आत्यांना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सून वाळली की गं. देतीस का न्हाई काय खायाला?" आत्या दळण तिथंच टाकून घरी आल्या. दुपार होती. सासरे वावरात, नवरा शिफ्टला. मी ओसरीवर लसूण सोलत होते. त्या माझ्यासमोर बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भांडल्या.

"मला म्हंत्यात, सुनेला उपाशी मारती. जलमभर कुणाचं बोलणं घेतलं न्हाई मी. तुला काय, तू शिकल्याली, तुला बोलता येतंय. मी काय सांगू लोकांस्नी? काय झालंय तुला? गाठ न्हाई, ताप न्हाई, दिसतंय समदं. मंग झालंय काय?"

मी पुष्कळ बोलू शकले असते. डबी, पाणी, नस. त्याऐवजी उजवा डोळा तळव्यानं गच्च झाकला आणि म्हटलं, "आत्या, मी तुमच्या नाकाकडे बघते. तुम्ही बोट धरा. इथं, खाली, माझ्या नाकाच्या बाजूला. आणि हळूहळू वर आणा."

"ह्ये कसलं आता?"

"धरा तर."

त्यांनी बोट धरलं असणार.

"दिसतंय?"

"नाही. धरलंत का?"

"धरलंय की, ह्ये काय! हालवती बी हाय."

"नाही दिसत."

"हितं?"

"नाही."

"खोटं बोलू नगंस."

"नाही दिसत, आत्या."

मी त्यांच्या नाकातल्या चमकीवर नजर धरून बसले होते. तिच्याखाली त्यांचे ओठ हलत होते ते दिसत होतं, हनुवटी दिसत होती. त्याच्या खाली एका बाजूला काळं काही नव्हतं, भोक नव्हतं. तिथं काहीच नव्हतं, आणि काही नाही हेही दिसत नव्हतं. मला वाटलं, त्या बोट धरतच नाहीयेत, माझी गंमत करतायत. एवढ्यात हवेतून एक बोट उगवलं. नखाला हळद लागलेलं, माझ्या गालापासून वीतभर.

"आता दिसलं."

त्यांनी बोट परत खाली नेलं. नाहीसं झालं. वर आणलं. उगवलं. त्यांनी ते कितीदा तरी केलं, दर वेळी वेगळ्या बाजूनं, गोठ्याच्या कुडाला कुठं फट आहे हे अंधारात हातानं चाचपावं तसं. मग हात झटकन मागे घेतला आणि पदराखाली ठेवला, भाजल्यासारखा. मी डोळा उघडला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या गालाशेजारच्या रिकाम्या हवेकडे बघत होत्या.

"आन् ह्ये वाढतंय?"

"दाब वाढला तर वाढतं. कळणार नाही मला. अक्षरं दिसत राहतील."

त्या उठल्या आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी माझ्या पानात एक चपाती आली, कोरडी. आळणी भाजीची वाटी वेगळी. नंतर गिरणीवर कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे: "व्हय, मीच वाळवली. माझ्या सुनेचं डोळं हायती, तुमच्या सुनंचं न्हाईत. दळा तुमचं."

पण दोन्ही घरांत या धास्तीतून कुणी सुटलेलं नाही. पप्पा फोनवर आधी विचारतात, "वाजायलीय का गं?" आणि मी नाही म्हटलं तरी पुन्हा एकदा विचारतात. काकांना त्यांनी जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं, त्यांचं वाजणं प्रेस शॉपचंच निघालं. वजन पुन्हा चढू द्यायचं नाही, मूल हवं असेल तर आधी गोळ्यांचं डॉक्टरांशी ठरवायचं, सर्दी-खोकल्यात डोकं जड झालं तरी अंगावर काढायचं नाही. हे सगळं मला पाठ आहे. पण माझा विश्वास बसतो तो पाठ केलेल्यावर नाही. ज्या डोळ्यांवर माझी नोकरी चालते, ते मला सांगत नाहीत की त्यांचं काय चाललंय.

म्हणून सुट्टीच्या दुपारी आत्या येऊन समोर बसतात. कुणी बोलावत नाही. "झाक," म्हणतात. मी उजवा डोळा झाकते. त्या म्हणतात, "माझ्याकडं बघ, हिकडं तिकडं न्हाई." मी बघते. त्यांच्या खांद्याच्या हालचालीवरून कळतं की हात निघालाय. मग खांदा थांबतो. म्हशी रवंथ करतात, रस्त्यावरून कंपनीचा टेम्पो जातो. मी नजर न हलवता थांबते. बोट अजून खालीच आहे, की मागच्या वेळी जिथं दिसलं होतं तिथं येऊनही मला दिसत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा मी प्रयत्न करते, आणि त्या चेहरा दगडासारखा ठेवतात.

"आलं का?"

"अजून नाही," मी म्हणते.